तुम्ही विचारलंत म्हणून: उकरून आणलेली नाणी मी का नोंदवते

प्रश्न नेहमी तोच असतो, विचारणारे बदलतात. पुण्यात पुरातत्त्व शिकलेले जरा जोरात विचारतात, घरचे जरा हळू. "इंग्लंडात लोक शेतांतून मेटल डिटेक्टर फिरवतात, रोमन नाणी उकरून काढतात आणि तू ती नोंदवून देतेस. म्हणजे उकरणाऱ्यांच्या हातात दाखलाच देतेस ना?" घरच्यांचा एक जोडप्रश्नही असतो, एका नाण्याची किंमत किती. बहुतेकांची एका कॉफीइतकीही नाही, तो विषय इथेच संपला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र इतकी वर्षं तुकड्यातुकड्यांत देत आले, आणि समोरच्याला ते पटलेलं नाही हे दर वेळी दिसलं. म्हणून एकदा सलग लिहिते.

आपल्याकडे रोमन नाणं म्हटलं की ऑगस्टस-तिबेरियसची चांदी-सोन्याची नाणी डोळ्यांसमोर येतात. माझ्या टेबलावर येते ती बहुतेक तिसऱ्या-चौथ्या शतकातली चिल्लर. नखाएवढी, हिरवी-काळी, कडा खाल्लेली. सोबत कपड्याला लावायच्या पिनांचे तुकडे, पट्ट्याची बकलं, चिमटे, कानकोरणी, शिशाचे गोळे.

कायदा थोडक्यात असा. इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित स्मारकाची नसेल, तर डिटेक्टर चालवता येतो. सप्टेंबर १९९७ पासून ट्रेझर ॲक्ट, म्हणजे सापडलेल्या खजिन्याचा कायदा, लागू आहे. तीनशे वर्षांहून जुनी आणि निदान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, तशाच धातूची एकत्र सापडलेली दोन नाणी, किंवा सोनं-चांदी त्याहून कमी असलेली, एकत्र सापडलेली दहा नाणी, एवढं चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. बाकीचं बहुतेक सगळं, म्हणजे सुटी नाणी, पिना, बकलं, कळवायचं की नाही हे सापडणाऱ्याच्या मर्जीवर. ती मर्जी मिळावी म्हणून १९९७ मध्येच पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम सुरू झाली. वस्तू बघायची, मोजायची, फोटो काढायचा, ठिकाण लिहायचं आणि वस्तू परत द्यायची. नोंदवणारे विकत घेत नाहीत आणि किंमतही सांगत नाहीत.

"पण जागेवरून हलवली की वस्तूचा अर्थ गेला." हे वाक्य मला पाठ आहे, मीही ते म्हणत असे. उत्खननातल्या थराबद्दल ते पूर्ण खरं आहे. नांगरटीच्या मातीत मात्र थर उरलेलाच नसतो. दर वर्षी फाळ फिरतो, नाणं काही हात पुढे सरकतं, उलटतं, चेपतं, आणि रासायनिक खत त्याला खात राहतं. त्या मातीत "जागेवर" एवढाच अर्थ उरतो की या शेताच्या या कोपऱ्यात. तेवढा अर्थ मात्र आकड्यांत लिहून ठेवता येतो. नकाशावरची जागा सांगणाऱ्या आकड्यांना ग्रिड संदर्भ म्हणतात. सहा आकडी संदर्भ म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, आठ आकडी म्हणजे दहा मीटर, दहा आकडी म्हणजे एक मीटर. "गावाच्या उत्तरेला" असं लिहून आलेलं नाणं आणि दहा आकडी संदर्भ घेऊन आलेलं नाणं यांच्यात मला जो फरक वाटतो, तो तांबं आणि सोनं यांच्यातही वाटत नाही. सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदीत मात्र ठिकाण फार तर एका किलोमीटरच्या चौकोनापर्यंतच ठेवतात, नाहीतर रात्री टॉर्च घेऊन येणाऱ्यांना आपणच नकाशा काढून दिल्यासारखं होईल.

एका नाण्याची नोंद कशी होते ते सांगते. वजन ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. व्यास कॅलिपरने, मिलिमीटरमध्ये. मग छापाचा कोन. दर्शनी बाजूचं डोकं घड्याळातल्या बाराकडे धरायचं, नाणं उभ्या अक्षावर उलटवायचं आणि मागच्या चित्राचा माथा कितीच्या आकड्याकडे येतो ते लिहायचं. टांकसाळीच्या सवयी बहुधा सहा किंवा बारा दाखवतात. भलताच आकडा आला, तर नक्कल असण्याचा संशय घ्यायचा. फोटो दोन्ही बाजूंचे, एकाच मापात, खाली पट्टी ठेवून, उजेड वरच्या डाव्या अंगाने तिरपा. समोरून उजेड टाकला तर झिजलेलं अक्षर सपाट दिसतं.

एक उदाहरण जवळून बघा. कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातलं, "ग्लोरिया एक्सर्सिटस" लिहिलेलं नाणं. मागे दोन सैनिक समोरासमोर, मधे लष्कराचं निशाण. निशाणं दोन असतील तर ३३० ते ३३५, एकच असेल तर ३३५ ते ३४१. सगळी अक्षरं गेली तरी मधल्या काठ्या मोजता आल्या की नाणं सहा-सात वर्षांच्या आत बसतं. चित्राखाली टांकसाळीची खूण असते. पी-एल-जी दिसलं तर फ्रान्समधलं ल्यों, पी-एल-एन असेल तर लंडन, पण लंडनची टांकसाळ ३२५ च्या सुमारास बंद झाली, त्यामुळे या नाण्यावर लंडन वाचलं असेल तर वाचनच चुकलं. व्यास तेरा मिलिमीटरच्या खाली उतरला आणि सैनिक काडीपैलवान झाले, की ती बहुधा स्थानिक नक्कल. तीही नोंदवायची. अजिबात न वाचता येणारी चकतीसुद्धा नोंदवायची, कारण व्यास आणि जाडीवरून निदान शतक सांगता येतं.

एवढी उस्तवार कशासाठी? ब्रिटनमधल्या रोमन नाण्यांचे एकवीस कालखंड पाडलेले आहेत. तेरावा २६० ते २७५, सतरावा ३३० ते ३४८, एकविसावा ३८८ ते ४०२. एका शेतातली पन्नास-साठ नाणी या कालखंडांत मांडली की शेताची एक चढउताराची रेघ मिळते. हलक्या किमतीची चिल्लर भरपूर असते त्या काळात ती जास्त हरवते, म्हणून सतराव्या कालखंडात टेकडी जवळजवळ सगळीकडेच येते, तिच्यावर उड्या मारायच्या नाहीत. आपली रेघ देशाच्या सरासरीपासून कुठे सुटते तेवढं बघायचं. एकोणिसावा कालखंड सगळीकडे भरलेला आणि या शेतात रिकामा, तर तिथे ३६४ नंतर काय झालं हा प्रश्न उभा राहतो. खड्डा न खणता, एकेका कॉफीइतक्याही किमतीच्या नसलेल्या नाण्यांवरून.

आता आमच्या बाजूचे दोष. डिटेक्टरवाले लोखंडाचा आवाज गाळून टाकतात, कारण लोखंड म्हणजे खिळे. त्यामुळे आमच्या नोंदींत रोमन लोकांकडे सुऱ्या नव्हत्या, कुलपं नव्हती, बुटांना खिळे नव्हते असं वाटावं. शिशाचे तुकडे भंगारात जातात. मोठ्या मेळाव्यांत एका दिवसात शेकडो माणसं शेतात उतरतात, आणि संध्याकाळी टेबलावर येतं त्याचं ठिकाण आठवणीतून सांगितलेलं असतं. हे सगळं मला मान्य आहे.

आणि त्याहून मोठं एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे उत्तर खोटं ठरेल.

एका हिवाळ्यात दोन लिटरचा आइस्क्रीमचा डबा टेबलावर आला. आत ८३ नाणी. डोक्यावर काटेरी किरणांचा मुकुट असलेले सम्राट, म्हणजे तेराव्या कालखंडातली. पण झाकण काढल्यावर आधी दिसला तो रंग. एकही नाणं हिरवं नव्हतं. सगळी गुलाबी, चिंच-मिठाने घासलेल्या तांब्याच्या घंगाळासारखी. व्हिनेगर आणि मिठात रात्रभर भिजवून पितळी तारांच्या ब्रशने घासलेली. घंगाळ घासलं तर कळंक जातो आणि खाली घंगाळ उरतं. सतराशे वर्षं मातीत राहिलेल्या नाण्याचं तसं नसतं. तिथे कळंक बाहेरून चढलेला नसतो, नाण्याचीच वरची कातडी कळंकात बदललेली असते. सम्राटाची दाढी, नावाची अक्षरं, सगळं त्या हिरव्या थरातच असतं. तो गेला की उरतो खड्ड्याखड्ड्यांचा गाभा. ८३ पैकी ३० नाण्यांवर मुकुट आहे एवढंच सांगता आलं, १९ वर तेही नाही.

आणणारा माणूस चोर नव्हता. शेतकऱ्याची लेखी परवानगी होती. नाणी तीन शनिवारी मिळून निघाली होती, दर वेळी पंचवीस-तीस, एकाच जागेतून. त्याच्या लेखी ती सुटी नाणी होती, आणि टेबलावर स्वच्छ आणावीत म्हणून त्याने घासली होती. "खापऱ्या होत्या का?" "होत्या, बारीक राखाडी. कुंपणाखाली टाकल्या." "जागा?" "शेताच्या खालच्या कडेला." चार महिने झाले होते, मधे नांगरट होऊन पेरणीही झाली होती. कॉरोनरला कळवलं, पाहणी झाली, हाती चार खापऱ्या लागल्या. भांडं उभं होतं की आडवं, नाणी भांड्यात होती की भांड्याशेजारी, आजूबाजूला भिंत होती की रिकामी जमीन, यातलं काहीही आता कुणाला कधी कळणार नाही.

तो माणूस त्याआधी दोन वर्षं सुटी नाणी घेऊन येत होता. त्याच्या वीसेक नोंदी माझ्याच हातच्या होत्या, मिलिमीटर-ग्रॅमसकट चोख. एका खड्ड्यातून दोन नाणी निघाली तर थांब, हे मात्र त्याला कधी सांगितलेलं नव्हतं. नाणं तपासलं, माणसाला शिकवलं नाही. तुमचा प्रश्न मला लागतो तो इथे.

आता प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. एका खड्ड्यातून दुसरं नाणं निघालं की हात बाहेर. दिसणारं तिसरं उपसायचं नाही. पट्टी ठेवून फोटो, दहा आकडी संदर्भ, वर प्लास्टिक, त्यावर माती, आणि फोन. फोटो कुठेही टाकायचा नाही. माती लागलेली नाणी धुवायची नाहीत. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, एकेक सुटं. फिकट पोपटी भुकटी धरायला लागली तर ते क्लोराइडचं दुखणं, ओलाव्याने वाढतं, म्हणून घट्ट डब्यात सिलिका जेल घालून कोरडं ठेवायचं. पिनेची मोडलेली कड चकाकत असेल तर ती ताजी मोडलेली, उरलेला तुकडा त्याच खड्ड्यात आहे, परत जायचं.

थांबल्याने काय मिळतं ते फ्रोमला दिसलं. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डिटेक्टर चालवणाऱ्या डेव्ह क्रिस्प यांना नाण्यांनी भरलेलं भांडं लागलं. ते थांबले आणि त्यांनी कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी नाणी थराथराने, वेगवेगळ्या पिशव्यांत काढली. एकूण ५२,५०३ नाणी, साधारण १६० किलो. त्यात कॅरॉसियस या सम्राटाची, म्हणजे सगळ्यांत उशिराच्या काळातली बहुतेक नाणी भांड्याच्या खालच्या अर्ध्यात निघाली. वर्षानुवर्षं साठवत गेलेल्या भांड्यात नवी नाणी वर असायला हवीत. म्हणजे सगळं एकदाच ओतलं गेलं होतं. केवळ क्रमामुळे कळलेली ही गोष्ट. तीच नाणी घमेल्यात भरून आणली असती तर बावन्न हजार नोंदी झाल्या असत्या आणि ही एक झाली नसती.

माझं जुनं मत म्हणतं, मग बंदीच घाला. त्याला मी वनबरो दाखवते. सरे परगण्यातलं ते रोमन काळातलं देऊळ १९८० च्या दशकात लुटारूंनी चाळून नेलं, तेव्हा ही स्कीम नव्हती, आणि नाणी बाजारात विरघळून गेली. जुनं मत मला क्रॉस्बी गॅरेट दाखवतं. मे २०१० मध्ये कंब्रियात सापडलेलं चेहऱ्याचं रोमन शिरस्त्राण. स्कीम होती, कायदा होता, पण कांस्याची एकटी वस्तू म्हणून ती कायद्यात बसली नाही. अभ्यासकांच्या हाती नीट येण्याआधी तिचे तुकडे जोडून दुरुस्ती झाली, आणि ऑक्टोबरमध्ये लिलावात ती बावीस लाख पौंडांवर गेली. महत्त्वाच्या एकट्या वस्तूंसाठी कायदा बदलायला २०२३ उजाडलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. बंदी आली तर शनिवारी शेतात जाणारे बरेच जण जातच राहतील आणि टेबलावर येणं तेवढं थांबेल, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे सिद्ध झालं असं नाही.

त्या डब्यातल्या दोन नाण्यांची नोंद अजून अर्धीच आहे. ती एकमेकांवर अर्धी सरकून चिकटलेली आहेत, आणि दोघांच्या मधल्या खाचेत ब्रशच्या तारा पोचल्या नाहीत. तिथे नखाच्या कोरीएवढा हिरवा कळंक उरला आहे. भिंगाखाली त्यात उभे-आडवे धागे दिसतात, कापड कुजून गेल्यावर कळंकाने धरून ठेवलेली त्याची वीण. म्हणजे भांड्यात निदान काही नाणी कापडात बांधलेली होती. बाकीच्या ८१ नाण्यांवर ती होती की नव्हती हे आता सांगता येत नाही. वरच्या नाण्याची बाहेरची बाजू तेत्रिकसची, २७१ ते २७४. खालच्याचा चेहरा आत आहे. तो वाचायचा तर दोन्ही सुटी करावी लागतील, आणि सुटी केली की वीण जाईल. दोघांचं मिळून वजन लिहिलं आहे, एका सम्राटाचं नाव लिहिलं आहे, दुसऱ्याची जागा मोकळी आहे.