सेन्सरला घाम येतो

शनिवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय आणि आज गुरुवार. गोव्यात वाळपईच्या शाळेत ज्यांना शनिवारी शिकवायला जाते त्या मुलांनी, टाकी भरली की बझर वाजवणाऱ्या त्यांच्या प्रोजेक्टमधून, माझा सेन्सर काढून टाकला. काढला त्याचं काही नाही, पण मला सांगितलं नाही.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, शाळेत प्रदर्शन. मधले दोन शनिवार मी गेलेच नव्हते, रिलीज होतं, आणि ऑफिसात सध्या जे चाललंय ते इथे नकोच. म्हणून त्या दिवशी पहाटेची कदंबा बस पकडून वाळपईला गेले, टेबलापाशी पोचले तर टाकीच्या झाकणाखाली माझ्या सेन्सरचे ते दोन गोल डोळे नाहीत. तिथे एक पीव्हीसीचा पाइप उभा, आत औषधाची रिकामी बाटली तरंगतेय, बाटलीच्या टोपणावर कपाटाच्या दाराचं मॅग्नेट चिकटवलेलं, आणि पाइपला बाहेरून टेपने लावलेला रीड स्विच. पाणी चढलं की बाटली वर येते, मॅग्नेट समोर आलं की काचेच्या नळीतल्या दोन पात्या चिकटतात, बझर वाजतो. संपलं.

तो रीड स्विच आमच्याच किटमध्ये पहिल्या दिवसापासून पडून होता. मी कधी उचलून दाखवलासुद्धा नव्हता.

कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, टाकी भरून वाहते आणि मोटर बंद करायला कुणीतरी धावतं, हा त्यांच्या घरचा प्रॉब्लेम, निवडला त्यांनीच. पण अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाजाने अंतर मोजणारा सेन्सर, वापरूया हे माझं. कारण मला तो आवडतो, खरंच आवडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, पाण्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. दोनाने का भागायचं हे विचारलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, विहिरीत हाक मारली की जाऊन येते ना टीचर, म्हणून. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये साखळी गाव येईपर्यंत मी एकटीच हसत होते. मग रीडिंग उड्या मारायला लागली तेव्हा घरी रात्री बसून मी कोड लिहिला, पाच रीडिंग घ्यायची आणि मधलं धरायचं, शंभराच्या वर ओळी झाल्या. तो त्यांना समजावला का मी? समजावला. म्हणजे वाचून दाखवला.

शनिवारी त्याच मुलीला विचारलं, सेन्सर का काढला गं? ती एकदम सरळपणे म्हणाली, "टीचर, ताका सकाळीं घाम येता, मागीर तो किदेंय सांगता." म्हणजे त्याला सकाळी घाम येतो, मग तो काहीही सांगतो.

घाम. रात्रभर झाकणाखाली कोंडलेली वाफ पहाटेच्या गारव्यात त्याच्यावर थेंब होऊन बसत होती. मी पणजीत टेबलावर बादली ठेवून टेस्ट करत होते, दुपारी, पंख्याखाली. ती सकाळी उठून टाकीचं झाकण उघडून बघत होती.

तरी मला वाईट वाटलंच. एक मेसेज करता आला असता ना. चार महिने जातेय मी, शनिवारची झोप सोडून. आई म्हणते, तुला तिथे काय मिळतं... जाऊदे. पण त्यांना माझी गरज उरली नाही असं वाटलं की त्यांनी मला दुखवू नये म्हणून सांगितलं नाही, यातलं खरं कुठलं हे मी पाच दिवस उलटसुलट करतेय. दुसरं असेल तर ते जास्त लागतं. सहावी-सातवीच्या मुलांनी मला सांभाळून घ्यावं असं मी काय वागले? रिलीज आहे, बिझी आहे, हे ग्रुपवर मीच टाकलं होतं, हेही आत्ता लिहिताना आठवतंय.

निघताना किटचा डबा उघडला. माझा सेन्सर पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला, वर पेनने लिहिलेलं, "चालू आहे". खराब समजून कुणी फेकू नये म्हणून. चार्टवर खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव, 'मार्गदर्शक' मधला एक रफार दोनदा गिरवलेला. ते बघून घशाशी आलं, आणि तिथून थोडं हलकंही वाटायला लागलं.

त्यांचा कोड काल रात्री नीट वाचला. पंधरा ओळी. पिन वाच, पाणी वर असेल तर बझर. मी लिहिला असता तरी याहून एक ओळ कमी झाली नसती. मोटर मात्र अजून जोडू द्यायची नाही, २३० व्होल्टला हात नाही, तिथे मी ऐकणार नाही.

आणि आज दुपारी तिचा मेसेज, मधल्या शनिवारांनंतरचा पहिला. "टीचर, पायपांत बेबो रिगलो जाल्यार?"

पाइपात बेडूक शिरला तर बाटली अडकणार, वर येणारच नाही, बझर गप्प आणि टाकी वाहत राहणार. पावसाळ्यात सत्तरीत, म्हणजे वाळपईच्या तालुक्यात, हे होणारच. माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, तसंच लिहिलं तिला, शनिवारी बसून बघूया. उद्या शुक्रवार, म्हापशाच्या बाजारात बारीक जाळी मिळते का बघते.