सिंहराजा, दिवस चौथा: श्रीलंकन चकोत्री दिसली!

आज सकाळी पावणेसातला, श्रीलंकेच्या सिंहराजा वर्षावनात. रानकोंबडीच्या कुळातली ही चकोत्री नुसती ऐकली नाही, दिसली! पुढे नर, मागे मादी, सात-आठ सेकंद. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून वळ आहे.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना ठाऊक आहेच, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या कुडावाला उतरल्यापासून तिने आमचा जीव खाल्ला. चढत जाणारी ती शीळ, जोडीदाराचं उत्तर, आणि आम्ही पोहोचेपर्यंत आवाज वीस पावलं आत. चूक आमचीच. आम्ही आवाजामागे चालत होतो. हा पक्षी चाहूल लागली की उडत नाही, गुपचूप चालत झाडोऱ्यात शिरतो. भाऊंनी प्लेबॅकचा, म्हणजे स्पीकरवर तिचीच शीळ वाजवून तिला बोलावण्याचा, विषय काढला, तर गाईडदादांनी स्पष्ट नकार दिला. मला ते पटलं. रोज नव्या पाहुण्यांचा स्पीकर ऐकणारी जोडी शेवटी उत्तर देणंच सोडते.

काल रात्री रेकॉर्डिंग ऐकताना दुसऱ्या दिवशीच्या फाइलमध्ये शिळेच्या आधी पाचोळ्याची खरखर सापडली. दोन ओरखडे, थांबा, पुन्हा दोन. ठिबकणारं पाणी असं वाजत नाही. मग ठरलं: शीळ सोडायची, खरखर धरायची.

पहाटे ओढ्याच्या वळणावर बसलो. शॉटगन माइक (समोरच्या एकाच दिशेचा आवाज टिपणारा), त्यावर फरचं विंडशील्ड, ओढ्याची घरघर कापायला लो-कट, कानांवर हेडफोन. पस्तीस मिनिटं काहीच नाही. मग डावीकडून तेच दोन ओरखडे. मी बोट दाखवलं. नेच्यांखालून आधी लाल पाय आले, मग पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली काळी छाती. मादी साधी तांबूस, पण चाल काय डौलदार! इतक्या अंधारात माझ्या 8×42 (आठपट) दुर्बिणीतून ठिपके मोजता येत होते, भाऊंच्या 10×42 मधून नुसती काळी आकृती. वर्षावनात येणाऱ्यांनी 8×42 च आणा.

बाकी थोडक्यात. चाळीसेक पक्ष्यांचा मिश्र थवा मिळाला, नारिंगी चोचीचे सातभाई आणि तुरेवाला कोतवाल सोबत, त्यातच लाल तोंडाचा मलकोहा. ब्लू मॅगपाय तर चहा पिताना समोर. ऑनलाइन मागवलेल्या लीच सॉक्सची वीण विरळ निघाली, जळवा आरपार. वडोदऱ्यात दांडियाबाजारच्या शिंप्याकडून शिवून घेतलेले जाड सुती मोजे मात्र चोख.

उद्या नुवारा एलियाला निघायचं होतं, व्हिक्टोरिया पार्कात नवरंग पक्षी बघायला. पण नवरंग पावसाळ्यात आपल्या गुजरातेतल्या जांबुघोडा अभयारण्यात येतोच की. आणि लिहिता लिहिता सुचलं, तोही पाचोळाच उलथतो, म्हणजे जूनमध्ये हाच माइक तिथे न्यायचा! तेव्हा इथला मुक्काम एक रात्र वाढवतोय, सेरेंडिब शिंगळा घुबडासाठी. श्रीलंकेचे पक्षीतज्ज्ञ दीपल वारकागोडांना त्याचा अनोळखी आवाज 1995 मध्ये ऐकू आला आणि पक्षी दिसला 2001 मध्ये. तेही आवाजावरूनच गेले होते. हॉर्टन प्लेन्सचा शीळकरी कस्तुर त्यानंतर.

संध्याकाळी सहाला निघतोय. माइकचं फर चुलीजवळ वाळतंय, बॅटऱ्या चार्जिंगला आहेत, आणि गाईडदादा म्हणतात, आज पाऊस नसेल.