ओढलं की वर

न्हावा-शेव्याच्या एका टर्मिनलवर मी आरटीजी चालवतो. आरटीजी म्हणजे रबरी टायरांवर चालणारी ती उंच कमान, यार्डातले कंटेनर उचलून ट्रेलरवर ठेवणारी. पायाखाली काच, काचेखाली कंटेनर आणि खुर्चीच्या दोन्ही हातांशी एकेक जॉयस्टिक. अख्खी शिफ्ट मान खाली घालून हेच. त्यामुळे मी घरी गेम खेळण्यासाठी जॉयस्टिक शोधतोय हे कळल्यावर बायको एवढंच म्हणाली, "अजून पोट भरलं नाही का?"

नव्हतं भरलं. मी खेळतो तो 'एलिट डेंजरस'. मूळ 'एलिट' १९८४चा, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी केलेला. माझ्याकडचा त्याचा २०१४ साली आलेला वंशज. अख्खी आकाशगंगा मोकळी दिलेली असते आणि हातात एक फुटकळ जहाज. बरेच जण यात लढायला जातात. मला लढाईत रस नाही. मला माल भरायचा, दुसऱ्या ठिकाणी न्यायचा आणि जहाज धक्क्याला नीट लावायचं, यात मजा येते. सवयीचा परिणाम असेल.

धक्क्याला लावणं म्हणजे काय ते सांगतो, कारण माझी सगळी खरेदी त्यावरच ठरली. मोठी स्थानकं स्वतःभोवती संथ फिरत असतात. आत जायला एकच आडवी फट. खेळणारे तिला टपालपेटीची फट म्हणतात. ती फटही स्थानकाबरोबर फिरते. हिरवे दिवे उजव्या हाताला ठेवायचे, आपलं जहाज त्याच गतीने गिरकी घेत आत सरकवायचं, आणि मग नेमून दिलेल्या पॅडवर वरून हळूच टेकवायचं. परवानगी मिळाल्यापासून दहा मिनिटांत. कीबोर्डवर हे होतं, पण की एकतर दाबलेली असते नाहीतर सोडलेली. 'किंचित' असा प्रकारच नाही. मी पहिले दोन महिने फटीच्या काठावर जहाज घासतच आत गेलो.

मग पहिली खरेदी केली, आणि ती चुकली. ऑनलाइन सेल होता, फोटोत लढाऊ विमानाच्या कॉकपिटसारखा संच दिसला: उजव्या हाताला स्टिक, डाव्या हाताला थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, जागोजागी बटणं, लाल दिवे. याला हॉटस म्हणतात. कंपनीचं नाव सांगत नाही, माझ्याच वाट्याला वाईट पीस आला असेल. आठेक महिन्यांनी स्टिकचा पीळ, म्हणजे मनगट फिरवून जहाजाचं नाक डावी-उजवीकडे न्यायचा अक्ष, बिघडायला लागला. हात लावला नाही तरी जहाज आपोआप डावीकडे वळायचं.

कारण घरातल्या जुन्या रेडिओला विचारा. आवाजाचं बटण फिरवताना जी खरखर येते ना, तीच ही. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारा धातूचा पत्रा. त्याला पोटेन्शियोमीटर म्हणतात. घासून घासून पट्टी झिजते, धूळ बसते, आणि 'मध्य' कुठे आहे ते सर्किटला कळेनासं होतं. आमच्या नेरुळच्या खाडीच्या हवेनेही हातभार लावला असेल, असा माझा संशय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की आठ-दहा दिवस बरं चालायचं. मग गेममध्ये डेडझोन वाढवायचा. डेडझोन म्हणजे मध्याजवळची अशी जागा, जिथे स्टिक हलली तरी गेम दुर्लक्ष करतो. आधी पाच टक्के, मग दहा, मग पंधरा. आजार झाकला जातो, पण धक्क्याला लावताना जी बारीकशी हालचाल लागते ती नेमकी त्याच बहिऱ्या जागेत असते. पुन्हा घासाघीस सुरू.

पण खरा घोळ थ्रॉटलचा होता, आणि तो मला घरी नाही, कामावर उमगला.

उचललेला कंटेनर दोरांवर लटकत असतो. ज्या गाड्याला तो लटकतो ती कमानीवरची ट्रॉली थांबवली म्हणून तो थांबत नाही; पुढे झोका घेतो. नवीन मुलगा हमखास घाबरून लिव्हर उलटा ओढतो, आणि झोका दुप्पट होतो. जुना माणूस झोका पुढे गेला की ट्रॉली त्याच्या मागोमाग नेतो, बरोबर त्याच्या डोक्यावर आणून सोडतो, आणि माल गप्प उभा राहतो. नव्या क्रेनमध्ये हा झोका मारायला इलेक्ट्रॉनिक्स असतं. ते बंद असलं की कोण किती पाण्यात आहे ते कळतं.

एलिटमध्ये 'फ्लाइट असिस्ट' नावाची सोय आहे, ती हेच करते. ती बंद करा: जोर काढून घेतला तरी जहाज जात होतं त्या दिशेला जातच राहतं, आणि थांबवायचं तर उलट्या दिशेने तेवढाच जोर लावावा लागतो. एका दुपारी केबिनमध्ये बसल्या बसल्या डोक्यात उजेड पडला: हे जहाज विमान नाहीच. हवा नाही, पंख नाहीत, मग थ्रॉटल कशाला? विमानाला सतत पुढे रेटणारा जोर लागतो, म्हणून त्याचा दांडा ठेवाल तिथे राहतो. माझं जहाज दोरावरच्या कंटेनरसारखं आहे. त्याला थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि हात सोडला की शून्य, असं हवं. आमच्या क्रेनचे दोन्ही लिव्हर हात सोडला की स्प्रिंगने मध्यावर येतात. थ्रॉटल येत नाही.

हिशेबही साधा आहे. अवकाशात जहाज सहा प्रकारे हलतं: नाक वर-खाली, नाक डावी-उजवीकडे, गिरकी, आणि अख्खं जहाज पुढे-मागे, बाजूला, वर-खाली. पीळ असलेली एक स्टिक तीन अक्ष देते. दोन स्टिक, सहा अक्ष. 'स्टार सिटिझन' या अवकाशातल्याच दुसऱ्या गेमवाल्यांमध्येही ही दोन स्टिकची पद्धत बरीच चालते. तिला होसस म्हणतात. मला तिचा शोध स्वतः लागल्याचा आनंद दोन दिवस टिकला, मग कळलं की जगाला आधीच माहीत होतं.

आता दोन स्टिक म्हणजे एक डाव्या हाताची हवी, आणि बाजार उजव्यांचा. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो स्वस्त आणि बारा बटणांची, पीळही आहे, पण मूठ उजव्या तळव्याची. डाव्या हातात ती दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखी वाटते. थ्रस्टमास्टरची वॉरथॉग म्हणजे अमेरिकेच्या ए-१०सी विमानाच्या स्टिकची प्रतिकृती, धातूची, देखणी, आणि तिला पीळच नाही. त्यासाठी पायाचे पेडल वेगळे घ्या. व्हीकेबीची ग्लॅडिएटर एनएक्सटी डाव्या आणि उजव्या, दोन्ही हातांसाठी मिळते, तिच्या स्प्रिंगा बदलता येतात, आणि मी मनाने तिच्यावरच बसलो होतो. पाठवणावळ आणि कस्टम धरून दोन नगांचा आकडा काढला आणि टॅब बंद केला. मुलीची फी त्याच महिन्यात होती.

राहिली थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम. हिचे मुठीचे तीन भाग स्क्रू काढून बदलता येतात, त्यामुळे तीच स्टिक डावी किंवा उजवी होते. सोळा बटणं. आणि मुख्य म्हणजे दोन मोठ्या अक्षांना कार्बनची पट्टी नाही, हॉल सेन्सर आहे. एडविन हॉल यांनी १८७९ साली दाखवलं होतं की वीज वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या आडव्या बाजूंमध्ये थोडं व्होल्टेज तयार होतं. स्टिकच्या बुडाशी चुंबक, खाली सेन्सर. स्टिक हलली की व्होल्टेज बदलतं. एकमेकांना काही घासतच नाही, तर झिजणार काय? कंपनी १६,००० गुणिले १६,००० बिंदूंची अचूकता सांगते. नावातला आकडा त्यावरूनच आलाय. पिळाचा अक्ष मात्र हिच्यातही पोटेन्शियोमीटरचाच, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं. स्प्रिंग थोडी हलकी आहे असं बरेच जण म्हणतात. मला ते चाललं. दिवसभर दांडे ओढून आलेल्या खांद्याला हलकीच बरी.

एक नवीन घेतली. दुसरी जुनी मिळाली, ठाण्यात, वर्तकनगरला. रविवारी नेरुळहून ठाणे लोकल पकडली, स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत अर्धा तास काढला, आणि पोचलो. विकणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, पुढे शिकायला बाहेर चाललेला. दार उघडल्याबरोबर म्हणाला, "या काका. मुलासाठी घेताय का?"

"मलाच पाहिजे."

त्याच्या आईने आतून माझ्याकडे जरा वाकून पाहिलं आणि चहा टाकला.

जुनी स्टिक घ्यायची तर तिथेच लॅपटॉपला लावून बघायची. विंडोज आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल लिहिलं की एक चौकोन येतो, त्यात फुली. स्टिक सोडून द्या: फुली थरथरतेय का? मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जितकं सावकाश नेता येईल तितकं न्या. मध्यावरून जाताना फुलीने उडी मारली तर चहा पिऊन निघा. शेवटी पीळ दहा वेळा दोन्हीकडे फिरवून सोडा आणि पट्टी दरवेळी त्याच जागी येते का ते पाहा. जोरजोरात गरागरा फिरवून काही कळत नाही. रोग सगळा मध्याजवळ असतो. मुलगा बघत होता. म्हणाला, "काका, तुम्ही काय काम करता?" सांगितल्यावर त्याने पाचशे रुपये आपणहून कमी केले, आणि यार्ड बघायला मिळेल का विचारलं. नाही मिळत, सुरक्षेचे नियम असतात.

घरी आणल्यावर नवीन अडचण. टेबलावर दोन स्टिक ठेवल्या की खांदे वर चढतात आणि अर्ध्या तासात मान धरते. क्रेनच्या केबिनमध्ये दांडे टेबलावर नसतात, खुर्चीच्या हातांच्या टोकाशी असतात. कोपर टेकलेलं, हलतं फक्त मनगट. म्हणून भंगारवाल्याकडून एक जुनी ऑफिसची खुर्ची घेतली, सुताराकडून अठरा मिलिमीटर प्लायच्या दोन फळ्या कापून घेतल्या, खुर्चीच्या हातांखाली लोखंडी अँगल मारून त्यावर बसवल्या. स्टिकच्या बुडाला वेल्क्रो. सगळा खर्च स्टिकच्या किमतीच्या मानाने किरकोळ, आणि फरक मात्र नव्या स्टिकपेक्षा जास्त. दोन्ही स्टिक एकसारख्या, त्यामुळे यूएसबीच्या जागा बदलल्या की डावं-उजवं गोंधळतं. म्हणून सीपीयूवर बायकोच्या नेलपॉलिशने दोन ठिपके दिलेत. तिला अजून माहीत नाही.

अक्ष वाटताना मी सरळ क्रेनची नक्कल केली. आमच्या क्रेनवर डाव्या लिव्हरला ट्रॉली आणि गँट्री, म्हणजे पुढे-मागे आणि बाजूला. गेममध्येही डाव्या स्टिकला पुढे-मागे आणि बाजूला. क्रेनवर उजव्या हाताला होइस्ट: ओढलं की माल वर, ढकललं की खाली. गेममध्ये उजवी स्टिक ओढली की नाक वर. हे मी मुद्दाम जुळवलं. घरी एक आणि कामावर उलटं अशी हाताला सवय लागली आणि कधी खाली तीस टन असताना हात चुकला, तर? तो विचारही नको. अख्खं जहाज उभं वर-खाली न्यायला डाव्या स्टिकचा पीळ दिला. तो अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले.

एक जागा मात्र अशी आहे जिथे थ्रॉटलची आठवण येते. सुपरक्रूझ, म्हणजे ताऱ्या-ताऱ्यातला नव्हे, एकाच सूर्यमालेतला लांबचा प्रवास. तिथे वेग धरून ठेवावा लागतो आणि स्प्रिंगवाली स्टिक सोडली की सगळं शून्य. त्यावर उपाय गेममध्येच आहे: ठरावीक वेगाची बटणं. मी स्टिकच्या बुडाच्या एका बटणावर ७५ टक्के वेग ठेवलाय. मुक्कामाचं अंतर सात सेकंदांवर आलं की ते दाबायचं आणि पाण्याचा घोट घ्यायचा.

डेडझोन आता दोन टक्के. फटीतून आत जाताना काठाला लागत नाही. मागच्या आठवड्यात सोडून.

त्याचं असं झालं. नाइट करून सकाळी आलो, अंघोळ केली, झोप येत नव्हती म्हणून दहा मिनिटं बसलो. पॅडवरून जहाज उचललं, उजवी स्टिक ओढली, आणि नाक वर जायच्या ऐवजी धाडकन पॅडवर आपटलं. पुन्हा ओढली, पुन्हा आपटलं. मुलगी शाळेला निघाली होती, बूट घालता घालता म्हणाली, "बाबा, तुमचं सगळं उलटं सेट होतं. मी काल सुलट केलं. वर जायचं तर वर ढकलायचं ना?"

आता सेटिंगच्या दोन फायली आहेत. तिच्या फाइलचं नाव 'सुलट'. माझ्या फाइलला तिने 'उलट' असं नाव दिलंय, आणि ते बदलू देत नाही.