नवरदेवाचा साबण आणि बोअरचं पाणी

मे महिना, ऐन लग्नसराई आणि नळाच्या पाण्याची पाळी अजून लांब. सोलापूरकराला यापुढे काही सांगावं लागत नाही. साखर पेठेतल्या आमच्या दुकानात उजनीचं पाणी संपलं की बोअरची मोटर सुरू करायची, हा नेम. केस कापायला ते चालतं. भरपूर असतं आणि कुणी चव घेऊन बघत नाही.

त्या सकाळी एक नवरदेव आला. पुण्यात कंपनीत नोकरी, संध्याकाळी हळद, सोबत मामा आणि दोन दोस्त. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यानं पिशवीतून स्वतःचं सामान काढलं. लाकडी डबीत बसवलेला गोल, टणक साबण आणि आखूड दांड्याचा ब्रश. "डब्यातला फोम लावला की मानेवर पुरळ उठतं ओ. उद्या फोटो आहेत. तेवढं ह्यानंच करा."

मला बरंच वाटलं. वडील खुर्चीमागे होते तोवर दुकानात वाटी-ब्रशच चालायचा. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, नोकरीचं काही जमेना, मग त्यांचीच कात्री हातात घेतली. तेवढ्यात क्रीमच्या ट्यूबा आल्या आणि वाटी माळ्यावर गेली होती.

ब्रश कोमट पाण्यात भिजत ठेवला. मामांनी चौकशी केली, "कशाचे केस आहेत हे?" होते डुकराचे. हळदीच्या दिवशी ही माहिती कशाला द्या, "इंपोर्टेड आहेत" म्हणून मोकळा झालो. हे केस पाणी पितात. आधी नीट भिजवले नाहीत तर साबणासाठी घेतलेलं पाणी तेच ओढून घेतात.

मग साबणावर ब्रश फिरवायला लागलो, तर फेस येईना. म्हणजे काहीतरी येत होतं. मोठमोठे बुडबुडे उठायचे आणि फुटायचे, आणि वाटीच्या कडेला करडा थर धरायचा, बोटानं पुसला तर मेणचट. गालावर लावला तो नुसतं पाणी होऊन गळ्यावर ओघळला.

"काय बे, बोगस साबण गळ्यात मारला का कुणी तुला?" एक दोस्त म्हणाला.

"बोगस कशाला? पुण्यात रोज येतोय की फेस, ह्याच साबणाचा!"

मामांच्या मते पाणी कडक गरम हवं होतं. दुसऱ्या दोस्ताच्या मते माझा हात हळू चालत होता. दाढी करणाऱ्याला सल्ला द्यायला लोकांना कसली परवानगी लागत नाही. पण नवरदेवाच्या त्या एका वाक्यात सगळं उत्तर होतं.

पुण्याला खडकवासल्याचं पाणी, धरणात साठलेलं पावसाचं, सुफेन, म्हणजे साबणाला सहज फेस येणारं. आमच्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम पोटात घेऊन, म्हणून जड. साबण म्हणजे मेदाम्लाचा, म्हणजे तेला-चरबीतल्या आम्लाचा, सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. त्याला कॅल्शियम भेटला की मेदाम्ल त्याला धरून बसतं आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. वाटीतला करडा थर तो हाच. पाण्यातला कॅल्शियम असा सगळा भागला की मग उरलासुरला साबण फेसाला मोकळा. थोडक्यात, नवरदेवाचा महागडा साबण मी बोअरचं पाणी मऊ करण्यात घालवत होतो.

मामा तसे अगदीच चूक नव्हते. उकळल्यावर बायकार्बोनेटांमुळे आलेली जडता खाली बसते. आमच्या हीटरच्या कॉइलवर जी पांढरी खपली धरते ती तीच. पण सल्फेट आणि क्लोराइडमुळे जड झालेलं पाणी कितीही उकळा, ते हटत नाही.

कोपऱ्यात पिण्याचा जार होता, आरओचा. वाटी आणि ब्रश त्याच पाण्यानं स्वच्छ धुतले, नाहीतर केसांत अडकलेला थर पुन्हा नडला असता. ब्रश झटकून नुसता ओलसर ठेवला आणि साबणावर अर्धा मिनिट तरी फिरवला, टोकांना दाट लगदा धरेपर्यंत. मग वाटीत. बोटांनी थोडे थेंब टाकायचे, फिरवायचं, पुन्हा थेंब. लोक घाई करतात ती इथे. ट्यूबमधल्या क्रीममध्ये पाणी मुळातच मिसळलेलं असतं, टणक साबणाला ते आपण पाजावं लागतं. कमी पडलं तर फेस घट्ट दिसतो पण गालावर वाळतो. जास्त झालं की परत बुडबुडे. मध्ये एक टप्पा असा येतो की बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात, फेसावर चकाकी येते आणि ब्रश उचलला की टोक उभं राहून किंचित कलतं. चिमटीत घेऊन पाहिला. बोटं एकमेकांवरून सटकत होती. माझ्या लेखी खरी परीक्षा ही. डोंगराएवढा फेस आरशात छान दिसतो, पण ब्लेड सरकतं ते ह्या निसरडेपणावर.

दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि कॉस्टिक सोड्याच्या जोडीला कॉस्टिक पोटॅश, म्हणून त्याचा फेस दाट होतो आणि टिकतो. अंगाच्या साबणाचा भसकन येतो आणि तसाच बसतो.

मग मी पंखा बंद केला. बाहेर पारा 42 च्या पुढे, मामांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. पण वाऱ्याखाली फेस बघता बघता सुकतो. एका वेळी एकच गाल माखला, सुलट हात मारला, पुन्हा फेस, पुन्हा सुलट. मानेवर उलटा वस्तरा लावलाच नाही; पुरळाचं खापर लोक फोमवर फोडतात, पण निम्मा दोष त्या उलट्या हाताचा असतो. तोंडही जारच्याच पाण्यानं धुऊन दिलं, वरून ओली तुरटी फिरवली. गाल गुळगुळीत, मानेवर एक लाल ठिपका नाही.

उठता उठता नवरदेवानं विचारलं, "उद्या कार्यालयात पाणी कुठलं असेल ओ?"

"ह्या दिवसांत? बोअरचंच असणार. एक बाटली भरून न्या."

दोस्तानं जार वाकवून बाटली भरली. मामा दाढीचे पैसे काढता काढता पाण्याचे किती झाले विचारायला लागले. तेवढे मी घेतले नाहीत.