घरी विचारून सांगते

शनिवार, 20 मे 2023

काल दुपारी शनाहनची पत्रकार परिषद बघत बसले होते. शनाहन म्हणजे टोराँटो मेपल लीफ्स या आमच्या बर्फावरच्या हॉकी टीमचा अध्यक्ष; त्यानं टीमचा जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, डुबास याला काढलं. नवरा आतून आला, हात पुसत दोन मिनिटं उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाला, "सोमवारी घरचं नाव काढलंन ना, तिथंच संपलं त्याचं." मग डेकवर टोमॅटोची रोपं बघायला निघून गेला. नवऱ्याला या खेळातलं आइसिंग म्हणजे काय तेही अजून धड कळत नाही. पण वाक्य टाकून गेला, आणि कालपासून ते माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलंय.

तसं बघायला गेलं तर मला एवढं लागायचं कारण नाही. डुबास काही माझ्या आत्याचा मुलगा नव्हे. 2018 च्या मे महिन्यात, बत्तिसाव्या वर्षी तो लीफ्सचा जीएम झाला, तेव्हा त्या चष्म्यामुळे तोंडी परीक्षेला येऊन बसलेला पोरगा वाटायचा. पाच वर्षांचा करार, तो येत्या 30 जूनला संपतोय, नवा होत नाहीये. माणसं येतात, जातात. त्यानं भरपूर कमावलंय, उद्या कुणीही हात धरून घेऊन जाईल. मी का हळहळायचं?

पण तो सोमवार डोळ्यांपुढून जात नाही. फ्लोरिडाच्या टीमकडून घरच्याच बर्फावर ओव्हरटाइममध्ये हरून जेमतेम वीकेंड उलटला होता. प्रश्न ठरलेला: राहणार का? डुबास म्हणाला, हे वर्ष घरच्यांना फार जड गेलंय, त्यांच्याशी नीट बोलल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. दुसरीकडे कुठं जाण्याचं त्राण माझ्यात नाही. राहिलो तर इथंच, नाहीतर थोडं थांबेन. मी सोफ्यावर बसून म्हटलंसुद्धा, बोललं बाई कुणीतरी एकदाचं. आमच्याकडे टीव्हीवरची सगळी पुरुष मंडळी "घरच्यांचा भक्कम पाठिंबा आहे" एवढंच म्हणतात. घरच्यांना त्रास होतो असं म्हणत नाहीत.

आणि शुक्रवारी खुर्ची गेली.

शनाहननं काल सगळं तारीखवार मांडलं. करार वाढवायचा असं त्याच्या मनात होतं, बोलणी चालू होती, आकडे पुढं ठेवले होते. पण सोमवारचं ते बोलणं ऐकून त्याचा विचार बदलायला लागला, याला हे काम नकोच असेल ही शक्यता धरावी लागली. गुरुवारी डुबासच्या एजंटनं पैशांची नवी मागणी पाठवली. त्याच संध्याकाळी डुबासची ईमेल आली, की मला राहायचंय. शुक्रवारी सकाळी शनाहननं सांगून टाकलं, नको.

मी अडकलेय ती त्या ईमेलीपाशी. त्यात काय लिहिलं होतं ते त्या दोघांनाच ठाऊक. पण अशी ईमेल लिहायला बसलं की पहिलंच वाक्य घास अडकल्यासारखं अडकतं. "मी खूप विचार केला" लिहावं, तर आधी मनात नव्हतं असं निघतं. "मला पहिल्यापासून राहायचंच होतं" लिहावं, तर मग सोमवारी काय झालं होतं? "घरी बोलणं झालं" हे लिहून खोडायचं, परत लिहायचं. उत्साह दाखवावा तर गरजू वाटतो, न दाखवावा तर उपकार केल्यासारखं. शेवटी चार ओळी उरतात, त्या वाचताना आपल्याच वाटत नाहीत, आणि पाठवल्यावर घड्याळ बघत बसायचं.

असो.

कालपासून जो भेटेल तो याच विषयावर. लाँग वीकेंड, हवा छान, टोराँटोला लागून असलेलं आमचं सगळं मिसिसॉगा अंगणात उतरलंय. शेजारच्या पाजींनी कुंपणावरूनच निकाल दिला, "चंगा होया जी." ते मॅच पंजाबी समालोचनावर बघतात, भिंतीतून आम्हालाही गोल कळतो. त्यांचा हिशोब साधा आहे: मॅथ्यूज, टवारेस, मार्नर, नायलँडर, या चौघा खेळाडूंत जवळजवळ अर्धी तिजोरी रिकामी केली. टवारेसला 2018 च्या जुलैत सात वर्षांसाठी 7.7 कोटी डॉलर दिले, मग कोविड आला, टीमच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा जागच्या जागी गोठली आणि मागं बचावाला, गोलीला (गोलकीपरला) चिल्लर उरली. पाच वर्षांत बाद फेरीतल्या जिंकल्या किती सिरीज? एक. टॅम्पाविरुद्धची, ती गेल्या महिन्यातली. पाजींचं काही खोटं नाही. मी मान डोलावली.

धाकट्याचा फोन आला तर तो याच्या बरोबर उलट. त्याचा आवाज ऐकून वाटलं घरात काही झालं की काय. "आई, 1 जुलैपासून मॅथ्यूजला आणि मार्नरला त्यांच्या मर्जीविरुद्ध दुसऱ्या टीमला देता येणार नाही, कळतंय का तुला? मॅथ्यूजशी नवा करारही त्याच दिवसापासून करता येणार. जूनअखेर ड्राफ्ट, नव्या पोरांची निवड. आणि हे आत्ता जीएम शोधायला निघालेत!" मी म्हटलं, जेवलास का. तर म्हणे तू विषय बदलू नकोस. कामावरची ती, गाडीला लीफ्सचा झेंडा लावून फिरणारी, तिचं म्हणणं की शनाहन 2014 पासून वर बसलाय, टीम उभारायची योजना शनाप्लॅन शनाप्लॅन म्हणून नाचवली ती त्याची, मग डोकं मात्र डुबासचं का उडालं? हेही बरोबर. मी दिवसभर सगळ्यांनाच बरोबर म्हणत होते. वहिनीला वाटलं मला बरं नाहीये.

लागलं ते वेगळंच. सकाळी टिम हॉर्टन्समध्ये कॉफीच्या रांगेत माझ्या पुढं दोघं जण होते. एक दुसऱ्याला सांगत होता की हे सगळं नाटक, बायकोमुलांचं नाव पुढं करून भाव वाढवून घेत होता, बॉसनं ओळखलं. दुसरा हसला. मला मधे पडून बोलावंसं वाटलं होतं, पण माझा नंबर आला.

काय बोलले असते? हेच, की घर वेगळं आणि पैसा वेगळा असं वाटणाऱ्यानं घर चालवलेलं दिसत नाही. घरच्यांची झोप उडवणारं काम आणखी काही वर्षं करायचं असेल, तर त्याचा दाम मागू नये? सोमवारी जे खरं होतं ते गुरुवारी पैसे मागितल्यानं खोटं कसं होतं? आणि गुरुवारी रात्री तो राहतो म्हणाला, ते घरी बोलणं झाल्यावरच म्हणाला असेल ना? तोच तर शब्द होता त्याचा. सांगतो म्हणाला होता, सांगितलंन.

मी तर दामही मागितला नव्हता. मला कॅलगरीच्या कामाचं विचारलं होतं तेव्हा एवढंच म्हटलं होतं, घरी विचारून सांगते. आई तेव्हा आमच्याकडे आलेली, धाकटा आठवीत, आणि तो हिवाळा. सोमवारी होकार घेऊन गेले, तर खोलीत बसलेल्यांचे चेहरे इतके गोड, की तिथंच काय ते समजलं. नंतर कुणीतरी म्हणालं की हिच्याकडे तशी धडाडी कमीच. म्हणणारं कोण ते लिहीत नाही. आणि "घाई करू नकोस, नीट विचार करून सांग" असं तेव्हा मला कोण म्हणालं होतं? तोच, जो काल हात पुसत उभा होता. त्याला ते आठवत असेल का, की आठवलं म्हणूनच बोलला? विचारणार होते रात्री. नाही विचारलं.

एवढं लिहून झालं आणि पुण्याहून जाऊबाईंचा मेसेज. माझं कालचं स्टेटस बघून त्यांना काळजी वाटली. "हॉकीत कोण गेलं गं? तो ऑस्ट्रेलियन कोच तर जानेवारीतच गेला ना, वर्ल्ड कपनंतर? हरमनप्रीतला तर नाही ना काढलं?" मी लिहिलं, इकडची हॉकी, बर्फावरची, टीमचा मॅनेजर गेला. त्यावर थोड्या वेळानं उत्तर: "अच्छा. तुमच्या ओळखीचे होते का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? हसू आलं, ते आवरेचना. नवऱ्यानं बाहेरून विचारलं काय झालं, मी सांगितलं काही नाही, डुबास आपल्या ओळखीचा होता का असं विचारतायत.

बरं, ओळखीचा नव्हता म्हणावं तर मनस्ताप मात्र घरच्यासारखा दिला. फेब्रुवारी 2020 ची ती शनिवारची रात्र: कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले, म्हणून झँबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करायची गाडी, चालवणारा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ गोलमध्ये उभा केला, तोही लीफ्सच्याच सरावात गोली म्हणून उभा राहणारा, आणि आमची कोट्यवधींची मंडळी त्याच्याकडून हरली. तेव्हाही जीएम हाच. 2021 ला माँट्रियलविरुद्ध 3-1 पुढं असताना सिरीज घालवली, तेव्हाही हाच. आणि आमचं प्रेक्षकांचं तरी काय सांगावं? 29 एप्रिलला टवारेसनं टॅम्पात ओव्हरटाइममध्ये गोल मारला, 19 वर्षांनी एक सिरीज जिंकलो, तर स्टेडियमबाहेरच्या चौकात जमलेला जथा ओरडत होता, "वुई वॉन्ट फ्लोरिडा!" पुढची गाठ बॉस्टनशी नाहीतर फ्लोरिडाशी पडणार होती. बॉस्टननं मोसमात विक्रमी 65 मॅचेस जिंकलेल्या, ते नकोत, आम्हाला फ्लोरिडा हवी. दुसऱ्या दिवशी मिळाली. मनासारखी. तिनं आम्हाला पाच मॅचमध्ये घरी पाठवलं. धाकटा त्या गर्दीत होता, घसा बसेपर्यंत ओरडून आला होता, मीच हळदीचं दूध दिलं.

1967 नंतर लीफ्सना स्टॅनली कप, म्हणजे या लीगचं विजेतेपद, नाही; तेव्हा आमचं लग्नच काय, जन्मही झाला नव्हता. इतकी वर्षं ज्यांना एक जीएम धड पुरला नाही, त्यांच्या एका जीएमसाठी मी शनिवारची दुपार घालवली. पाजी म्हणतात त्याप्रमाणे पुढच्या मोसमापासून बघणं बंद करावं. ते दर मे महिन्यात हेच म्हणतात, आणि ऑक्टोबरला टीव्ही आमच्यापेक्षा मोठ्यानं लावतात. मीही बंद करणारच आहे. केबलचं पॅकेज तेवढं जूनपर्यंत भरलेलं आहे.

आत्ताच धाकट्याचा परत फोन येऊन गेला, आवाज एकदम उतरलेला, म्हणजे ताळ्यावर आलेला. नवीन कोण येणार याची यादी वाचून दाखवत होता. ट्रेलिव्हिंग नावाच्या दुसऱ्या एका जीएमचं नाव वरच्या बाजूला आहे म्हणे. त्याचाही करार यंदाच संपत होता, तोही पुढं झाला नाही, दोघांच्या संमतीनं एप्रिलमध्येच बाहेर पडला. मी विचारलं, कुठून? तर म्हणाला, "कॅलगरी."

नवऱ्याला हाक मारून सांगितलं, कॅलगरीचा माणूस बघ इकडे यायला एका पायावर तयार आहे. तो बाहेरूनच म्हणाला, "त्याच्या घरी विचारलंय का पण?"