बोट पाण्यात जायच्या आधी

आज पूर्ण दिवस गोव्यात शिवोलीला, शापोरा नदीच्या काठावर बोटीखाली उताणा पडून गेला. शिडाची बोट, जुनी, फायबरची, पावसाळाभर ताडपत्रीखाली होती आणि आता जो तो विचारतोय कधी उतरवतोस. अरे थांबा की! मला धास्ती होती तळाच्या त्या पितळी वॉल्वची, बाहेरून मस्त दिसत होता पण ब्लेडने जरा खरवडला तर आत गुलाबी. साध्या पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जातं आणि उरतं ते ठिसूळ तांबं, मग एखाद्या दिवशी हँडल फिरवताना अख्खा वॉल्वच हातात आणि पाणी आत. काढून टाकला. ब्राँझचा बसवणार, महाग आहे पण इथे कंजूषी नको, रंगात करा हवी तर.

इपॉक्सीचं, म्हणजे फायबरच्या दुरुस्तीला लावतात त्या राळेचं, वेगळंच, आपल्याकडच्या दमट हवेत वर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने धुवायचा आणि मग पॉलिश पेपर, नाहीतर पुढचा हात नीट धरत नाही. बाजूचे ट्रॉलरवाले काका कधीचे बघत होते, म्हणाले "रे बाबा, घासून घासून बोट उरतली मरे?" 😄

जस्ताचा अ‍ॅनोड नवा लावला, बाकीच्या धातूऐवजी तो स्वतः झिजतो (त्याच्यावर रंग मारू नका हं, मग तो कामच करत नाही). तळाचा अँटीफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून) उद्या. पौर्णिमेच्या उधाणाला उतरवायचीय, शिडाचं नंतर बघू. कोणाकडे मरीन प्लायचा उरलेला तुकडा असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.