तुम्ही विचारलंत म्हणून: बी.कॉम. झालं, आता पुढं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलंच असतं: पुण्याला जाऊन एमबीए, नाहीतर बँकेची परीक्षा. माझा उलटा प्रश्न असा की, रोज आठ तास कुठल्या आकड्यांशी भांडायची तयारी आहे?

करात पडायचं तर कामाचं कॅलेंडर बघा. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र), १४ ला २बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी आपल्या खरेदीची यादी) येतं, २० पर्यंत ३बी (कर भरायचं विवरणपत्र). मधल्या सहा दिवसांत खरेदीची बिलं २बीशी जुळवायची. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराकडं माल आलाय, बिलही आहे, पण पुरवठादारानं ते आपल्या जीएसटीआर-१मध्ये चढवलंच नाही की क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकलं. मग फोनाफोनी. याचा कंटाळा येणार असेल तर सीएच्या वाटेला जाऊ नका, आर्टिकलशिपची (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीची) दोन वर्षं असल्या कामातच जातात. जायचंच असेल तर ५५ टक्क्यांनी बी.कॉम. झालेल्याला फाउंडेशन ही पहिली परीक्षा द्यावी लागत नाही, थेट दुसरी, इंटरमिजिएट. तिथं प्रत्येक पेपरात ४० मिळूनही पोरं अडकतात, कारण ग्रुपची (पेपरांच्या गटाची) बेरीज ५० टक्के लागते.

कोल्हापुरात दुर्लक्षित राहिलेली वाट कॉस्टिंगची, म्हणजे मालाचा खरा उत्पादनखर्च काढायची. शिरोलीतली एखादी फौंड्री (धातू ओतून भाग बनवणारा कारखाना) घ्या. समजा १०० किलो मेटल ओतलं, त्यातलं ६० किलो कास्टिंग (ओतलेला भाग), ४० किलो रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू) परत भट्टीत. ६० मधलं ५ टक्के रिजेक्ट, म्हणजे विकायला ५७. वितळवायला टनाला विजेचे ६५० युनिट धरले तर १०० किलोला ६५. नवखा अकाउंटंट १०० नं भागतो आणि किलोला ०.६५ युनिट लिहितो. खरा आकडा ५७ नं भागून १.१४. कोटेशन तिथंच बुडतं, आणि वर्षभर ऑर्डरी भरपूर असूनही पैसा का उरत नाही ते मालकाला कळत नाही. हे शोधायला आवडत असेल तर सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) करा. पदवीधराला तिथंही थेट इंटरमिजिएटला प्रवेश आहे.

अर्थशास्त्रवाल्यांनी नुसत्या बी.ए.वर थांबू नये. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते. संख्याशास्त्र कच्चं असेल तर आधी ते.

एमबीए दोन वर्षं नोकरी करून मग. लगेच केलं तर फी तेवढीच जाते, आणि वर्गात सांगण्यासारखं आपल्याकडं काही नसतं.

ठरवण्याआधी एखाद्या कर सल्लागाराकडं महिनाभर बिनपगारी बसा, पण १४ ते २० च्या दरम्यान नक्की. नुसतं महिनाअखेरीला गेलात तर, आयकराच्या गर्दीचे जुलै-सप्टेंबर सोडून, ऑफिस निवांत दिसतं आणि काम फार सोपं वाटतं.